दसऱ्याचं पिस्तूल

२ सप्टें.
सकाळीच माजिवड्याहून विलासचा फोन. धाकटा भाऊ, पण बोलणं थोरल्याचं. "ताई, सहीला कशाला तानतेस? बाबांचा पिस्तूल हाय, मना पायजे."
बाबा जाऊन चार महिने. लायसन त्याच्या नावावर व्हायला वारस म्हणून माझी ना-हरकत लागते. जमिनीच्या हक्कसोडीवर मुकाट्याने सही केली, तेव्हापासून ताई म्हणजे रबरी शिक्का. या वेळी नाही करणार. गेल्या वर्षी विलास स्वतःच्या मुलीच्या हळदीत पिऊन तर्र. पिस्तूल चुलतभावाच्या, मधूच्या, छातीला टेकवून चाप ओढला. नुसतं 'टिक'. "रिकामा व्हता, मस्करी केली." सगळे हसले. मधू त्यानंतर आमच्या दारात आलेला नाही.

५ सप्टें.
ठाकुर्लीहून रिक्षाने कल्याण. बंदुकीचं दुकान. विलास आधीच हजर; सही द्यायची नाही, पण पिस्तूल बघून घ्यायचं होतं. बाबा गेल्यावर विलासने पिस्तूल तिथेच जमा केलंय, पाकिटात बांधून; तेव्हा कोणी उघडून पाहिलं नव्हतं. अवस्था नि किंमत लिहून घ्यायची, फॉर्मला जोडायची.
डीलर म्हातारे, शांत. आम्हा दोघांसमोर पाकीट फोडलं. बेल्जियमचं, पॉइंट टू-फाइव्ह बोअरचं, तळहातात मावणारं. भिंगातून बघत म्हणाले, "याला हळद-कुंकू लावता का?"
दर दसऱ्याला. ओलं कुंकू, अक्षता, झेंडू.
"गंज धरलाय. नंबरही नीट वाचता येत नाही."
विलासने माझ्याकडे डोळे वटारले. मला बाबा शिवूही देत नव्हते, मुलींनी शस्त्राला हात लावायचा नाही म्हणे. कुंकू थापायचा हाच.
मग डीलरनी वरचा भाग मागे ओढला. आतून एक जिवंत गोळी निसटून बाहेर पडली, काउंटरवर घरंगळली. त्यांनी पिस्तूल खोललं. "फायरिंग पिन, गोळीला ठोका देणारी सुई, नाही. कोणीतरी काढून घेतली आहे. नाहीतर चाप ओढल्यावर ही गोळी सुटली असती."
"बाबांनी भरली आसंल," विलास.
बाबांनी आयुष्यात त्यात गोळी घातली नाही. मी तशीच उठून निघाले. भीतीने नाही, संतापाने.

६ सप्टें.
आज बाबांचाही राग आला. पिन त्यांनीच काढली असणार, म्हणजे पोराला पुरतं ओळखलं होतं. मग डोक्यावर कशाला बसवला? जमीन त्याला, घर त्याला. मला आईचा कुंकवाचा करंडा. दोन वर्षांपूर्वी स्वतः इथे आणून दिला. "जपून ठेव. कुनाला देऊ नको." एवढंच. अपमान वाटला होता. देवघरात ठेवला तो तसाच, उघडलासुद्धा नाही.
संध्याकाळी उघडला. कुंकवाखाली मेणकापडात गुंडाळलेली पिन, बोटाच्या पेराएवढी. मधू जिवंत आहे तो हिच्यामुळे.
मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, बाबा? मुलगी पिन सांभाळायला चालते, विश्वासात घ्यायला नाही.

१० सप्टें.
विलासचा फोन. आवाज एकदम मऊ.
"डीलर बोलला, पिन घावली तं चालू व्हईल. बाबांनी तुला काय दिलाय का?"
"आईचा करंडा दिलाय."
"मंग उद्या येतो. फॉर्म आनतो. करंडा पन बघतो."
करंड्यात कुंकू परत काठापर्यंत भरलंय. पिन अजून माझ्या मुठीत आहे.