निघायच्या दिवशीचा कौल

एडिंबरा, १४ नोव्हेंबर २००३

तीर्थरूप बाबांस वृंदाचा साष्टांग नमस्कार.

थंडी आहे, पण दोन स्वेटर घालते आणि भात रोज करते. आईला सांगा, कुळथाचं पीठ अजून पुरतंय.

आमच्या धर्म-अभ्यास विभागात दर गुरुवारी जाहीर व्याख्यान असतं. शहरातलं कोणीही येऊन ऐकतं. काल ते मी दिलं! आधी नकाशात मंडणगड दाखवलं, मग आपल्या देवळातला कौल सांगितला. देवीला ओल्या पाकळ्या कशा लावतात, उजवी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. गाऱ्हाणंही तुमच्यासारखंच खड्या आवाजात घातलं. बाबा, कुठेही अडखळले नाही.

शेवटी एका आजींनी विचारलं, "देवी नको म्हणाली तर गुरव काय करतो?"

मी म्हटलं, "जे पडेल तेच सांगतो. माझे वडील गुरव आहेत."

हे पूर्ण खरं नव्हतं. मी निघाले त्या सकाळी खांबाआड उभी होते. डावी पाकळी पडली, ती तुम्ही पंच्यात लपवलीत आणि आईला म्हणालात, "उजवा दिलान हो."

विभागाने आणखी तीन वर्षं संशोधनासाठी शिष्यवृत्ती देऊ केलीय. मी होकार कळवलाय. तुमचा गुडघा कसा आहे? देवळाच्या पायऱ्या चढताना कोणी सोबत असतं ना?

तुम्ही कौल लावणार, ठाऊक आहे मला. या वेळी डावा पडला तरी कळवा. मी राहणारच आहे. पण मागचं वर्षभर ती काळजी तुम्ही एकट्याने वाहिलीत. आता निम्मी माझी.

तुमची लेक,
वृंदा