ऑक्टोपसने कुणाचं ऐकलं

उटिला बेट, मंगळवार

बाबा,

आधी आशीर्वाद द्या, मग वाचा. माझा कान आता दुखत नाही, आईला सांगा.

ज्या एवेलियोने पाहुण्यांसमोर तुम्हाला "आंधळा म्हातारा" म्हणून बोटीवरून उतरवलं, त्याची काल मी जिरवली. रात्री आठ पाहुण्यांना घेऊन आम्ही उथळ पाण्यात उतरलो. ऑक्टोपस दाखवायला एवेलियो भगभगीत टॉर्च मारत सुटला. एकही बाहेर येईना! मग मी तुमच्यासारखा टॉर्च मुठीत झाकला, बोटांतून झिरपेल एवढाच उजेड ठेवला. तुम्ही मला दाखवलेल्या त्या बिळातला ऑक्टोपस हळूच आला आणि माझ्या मनगटावरच चढला.

बोटीत पाहुण्यांनी विचारलं, "कोणी शिकवलं?"

"हा ज्यांना आंधळा म्हातारा म्हणतो, त्यांनी!"

एवेलियो रविवारी तुमच्याकडे शिकायला येतोय. डोळ्यांत थेंब घालताय ना? चुकवू नका. त्याचं पडलेलं तोंड तुम्हाला नीट दिसलं पाहिजे.

तुमचीच,
नेरेयदा