सहाशे खुर्च्या आणि एक माफीनामा

तीर्थरूप ताई,

इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून तुला साष्टांग नमस्कार. (केबिनमध्ये जेवढं वाकता येतं तेवढाच, उरलेला घरी आल्यावर.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? मी ठणठणीत आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस.

तू मॅनेजरसाहेबांकडे शब्द टाकलास म्हणून मला ही नोकरी लागली. तेव्हा उलटसुलट काही कानावर येण्याआधी खरी हकीकत माझ्याकडूनच ऐक. आमच्या धंद्यात ओढणारी गाडी वेगळी आणि मागचा ट्रेलर वेगळा. यार्डात वीस ट्रेलर रांगेत उभे असतात. हातातल्या कागदावरचा नंबर पाहून आपला जोडायचा आणि निघायचं. सोमवारी मला सातशे किलोमीटरवरच्या एका नव्या सभागृहासाठी सहाशे खुर्च्या न्यायच्या होत्या. नेमका त्याच सकाळी मी ड्रायव्हरांच्या खोलीबाहेर भाषण करत होतो. मुद्दा साधा होता: दहा-दहा तास गाडी हाकून आलेल्या माणसाला कंपनीच्या खोलीत टेकायला एक खुर्ची नसावी? (तो दहा तास बसूनच आलेला असतो, असं एक मेकॅनिक म्हणाला. प्रत्येक सभेत असा एक असतोच.) बोलता बोलता गाडी मागे घेतली, ट्रेलर जोडला, खिडकीतून शेवटचं वाक्य फेकलं आणि टाळ्यांच्या गजरात फाटकाबाहेर पडलो.

ताई, काय चालवली गाडी! ज्या चढावर भलेभले कण्हत जातात तिथे मी शीळ घालत गेलो. डिझेल कितीतरी कमी लागलं. पंपावर दोन ड्रायव्हरांनी यातलं गुपित विचारलं, तेव्हा इंजिनाचं मन कसं ओळखावं हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. एकाने लिहूनही घेतलं.

सभागृहाच्या दारात तिथला व्यवस्थापक आणि चार हमाल वाट पाहत होते. ट्रेलर उघडला. आत एक झाडू होता.

"खुर्च्या कुठायत?" व्यवस्थापकाने विचारलं. मी म्हणालो, साहेब, ज्या समाजाला उभं राहण्याचं भय वाटतं...

"काका, खुर्च्या."

मी तीनदा सुरुवात केली, तीनदा तो एवढंच म्हणाला. आयुष्यभर रिकाम्या खुर्च्यांपुढे न डगमगता बोललो, पण खुर्च्याच नाहीत म्हटल्यावर माझी वाचा बसली. दुसरी गाडी पोचेपर्यंत उद्घाटन उरकलं होतं. लोक उभेच होते, त्यामुळे भाषणं फार आटोपशीर झाली म्हणे. याचं श्रेय मला कोणी देत नाही.

असो. मी खचलेलो नाही. दोष वीसही ट्रेलर एकाच रंगात रंगवणाऱ्यांचा आहे, हे मी मॅनेजरसाहेबांना अकरा पानांत सप्रमाण कळवलं आहे.

तुझा कधीही न वाकणारा धाकटा भाऊ

ता. क. : अकरा पानं परत आली. शनिवारपर्यंत एका पानाचा माफीनामा हवा, त्यात 'परंतु' हा शब्द नको, नाहीतर गाडीची किल्ली टेबलावर ठेवा, असा निरोप आहे. शाळेत माझे सगळे माफीनामे तूच लिहायचीस. एवढा एक लिहून पाठव, मी उतरवून काढून सही करतो. नोकरी खरंच हवी आहे गं. या वयात मला बोलायला पुष्कळ जण बोलावतील, गाडी कोणी देणार नाही.

ता. क. दुसरा : ट्रेलरवर नंबर होता. हातभर उंच आकड्यांत. एवढी पुस्तकांची कपाटंच्या कपाटं वाचून काढली मी, आणि चार आकडे वाचले नाहीत. हे अकरा पानांत नव्हतं. फक्त तुला सांगतोय.

ता. क. शेवटचा : माफीनाम्यात ड्रायव्हरांच्या खोलीतल्या खुर्चीचा विषय मुळीच काढू नकोस. अगदी तळाशी एखाद्या ओळीची जागा उरलीच, तर काढ.