पुलावर बंद पडलेली ॲम्ब्युलन्स

नागपूर, मंगळवार

ती. भागीरथाताईस देवकीचा नमस्कार. वामनराव भाऊजींचं बीपी उतरलं का? मिरच्या वाळल्या का? माझं विचारू नकोस. नाही विचारलंस तरी सांगणारच आहे.

सीमेवर लढाई पेटली तेव्हा आमच्या वस्तीतल्या बायकांनी सेवा पथकात नावं दिली. मी सात वर्षं शाळेची व्हॅन चालवली, म्हणून माझ्या हाती थेट ॲम्ब्युलन्स आली. (बाकीच्यांना पट्ट्या गुंडाळायला बसवलं. त्या सुखी आहेत.) पहिल्या दिवशी मुग्धा नर्सने सलाईनची सुई दाखवली आणि मी खुर्चीवरून सरळ खाली. दुसऱ्या दिवशी सायरन लागला तो बंदच होईना. गाडी रिकामी. वर्धा रोडवर लोक बाजूला होऊन राहिले, पोलिसाने चौक थांबवला, एका म्हाताऱ्याने तर हात जोडले. आता थांबून काय सांगू? तशीच पार बुटीबोरीपर्यंत गेली.

मग आपल्या भागातले जखमी जवान पुढच्या उपचारासाठी रेल्वेने येऊ लागले. स्टेशनवरून त्यांना धंतोलीच्या एका दवाखान्यात न्यायचं माझं काम. मागच्या आठवड्यात एकाला गाडीत चढवलं. डावा पाय गुडघ्याखाली नाही. पोराचं तोंड पाहिलं आणि, ताई, मला ब्रेक कोणता नि क्लच कोणता तेच कळेना. पुलाच्या चढावर गाडी बंद. मागे हॉर्न, वर पंचेचाळीस डिग्री ऊन, आणि मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडून राहिली.

मागून स्ट्रेचरवरून आवाज आला, "मावशी, आधी हँडब्रेक लावा. आता क्लच दाबा. हळू सोडा. कोणी काही म्हणत नाही."

तो फौजेत ट्रक चालवायचा. ज्याला सावरायला मी निघाली होती, त्यानेच पडल्या पडल्या मला धंतोलीला पोचवलं.

तिथे गेल्यावर मात्र त्याचं तोंड मिटलं. मी रोज जाते, पेज नेते, वरण नेते. तो भिंतीकडे वळून पडलेला. कोणाला बोलावू का म्हटलं तर, "मले कोणाले भेटाचं नाही." चोपन्न वर्षांत मी इतकी निकामी कधीच नव्हती. गाडी चालवता येत नाही, जखम बघवत नाही, नेलेलं कोणी खात नाही. पथकातून नाव काढून घ्यावं म्हणते.

तुझी,
देवकी

ता. क. फोनवर हे बोलवलं नसतं. तो जवान म्हणजे आपला भूपेश, दिवाळीत तुझ्या दिपालीशी साक्षगंध होऊन ज्याचं लग्न ठरलं तोच. (फोन लागत नाही म्हणजे ड्यूटीवर असेल, असं तुम्ही समजता. घरच्यांना त्याने शपथ घातली आहे.) "लग्न मोडलं म्हणून कळवून टाका, मावशी," असं त्याने मला हात जोडून सांगितलं. कळवलं. भाऊजींना तू सांग. मला धीर नाही, म्हणून तर पत्र.

आणखी ता. क. दिपालीला मी परवाच सांगितलं. परीक्षेचं निमित्त करून ती काल आली. ते खोटं मीच शिकवलं, तिला रागावू नकोस. "काहून लपवलं?" एवढंच तिने त्याला विचारलं आणि खाटेजवळ बसली. दोन तास तो वळला नाही. लग्नाचं काय होईल मला माहीत नाही, तुम्हीही इतक्यात विचारू नका. संध्याकाळी मात्र तिच्या हातून चार घास खाल्ले आणि म्हणाला, भाजी खारट झाली.

भाजी मी केली होती.