दहाव्याचं हसू

चोपडा, आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) आदला दिवस, १९९५

हिलालभाऊ,

आपल्या आबांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नव्हता. तू हात जोडून आबांना शब्द देत होतास, की यमुनाला कधी अंतर देणार नाही. नेमकी तेव्हाच मी हसले, आणि हसू काही केल्या थांबेना. "तुले लाज शे का?" एवढंच तू म्हणालास. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. त्यानंतर दोन आखाज्या गेल्या, सगळ्या सासुरवाशिणी माहेरी गेल्या, मला न्यायला कुणी आलं नाही.

आता मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मेंदूतल्या नसांवरचं आवरण झिजतं. त्यानं माझे पाय लटपटतात, आणि मनात नसलेलं हसूही तोंडावर येतं. आतून मी तेव्हा रडतच होते रे. हल्ली सकाळी उठावंसं वाटत नाही, वेणी घालावीशी वाटत नाही. या आजारात मनही असं खचतं म्हणे, त्याच्याही गोळ्या दिल्यात.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तू धावत येशील, पण आजारी बाईला बघायला. मला तर आखाजीला आपल्या दारच्या कडुलिंबाच्या झोक्यावर बसायला यायचं होतं.

डॉक्टरांना एक विचारायचं राहिलं. आज शेजारणीचा भाऊ तिला न्यायला आला, तेव्हा मी दार लावून खूप रडले. ते रडणंही आजाराचंच असेल का? तसं निघालं तर बरं होईल. मग त्या रडण्यासाठी तुझ्याकडे बोट दाखवावं लागणार नाही.

तुझी धाकटी,
यमुना