तोट्यातली सूतगिरणी

पप्पा,

तुम्ही अंघोळीला आहात, मला ड्युटीला उशीर होतोय, म्हणून लिहून ठेवते.

कॉम्प्युटरवरच्या आपल्या त्या देश चालवायच्या गेममध्ये एकदम पोलादाच्या मागे लागू नका. आधी लाकूड, मग अवजारं, मग लोखंडाची खाण. नाहीतर कारखाना उभा राहतो आणि आत कच्चाच माल नसतो. आणि ती तोट्यातली सूतगिरणी सरकारी पैशावर चालवत बसू नका, सगळा खजिना तिनेच खाल्लाय. तिथे गिरणी बंद पडली की माणसं आपोआप दुसऱ्या कामाला लागतात. तिथे कुणी 'काम शोधायला जातो' असं सांगून डबा घेऊन निघत नाही आणि दिवसभर आपल्या जुन्या गिरणीच्या कुलूप लावलेल्या गेटसमोर उभं राहत नाही.

शेजारच्या काकूंनी तुम्हाला गेटपाशी पाहिलं, सांगितलं मला. रागावले नाहीये. पण आज डबा भरलेला नाही. भाजी झाकून ठेवलीय, घरीच जेवा.

आत्ता ती सूतगिरणी मीच बंद करणार होते. 'कामगार बेकार होतील. नक्की बंद करायची?' असं स्क्रीनवर आलं. मला 'हो' दाबता आलं नाही.

बुडू दे आपला देश. संध्याकाळी दोघं मिळून नवा मांडू.