हनुवट्यांच्या वरचं छत

ती. ताईस,

धाकट्याचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला गेला, की अजून पाहुण्यासारखा ठाण मांडून आहे? आमच्याकडे सगळे ठीक. (मुद्दा लांबलचक आहे, चहा घेऊन बस.)

मागे फोनवर तू विचारलंस, "तू तिथे नक्की करतोस तरी काय रे?" म्हणून एकदाच लिहून टाकतो. इथल्या जुन्या राजवाड्यातल्या मोठ्या दालनाच्या छतावरची द्राक्षांची वेल, झुंबराभोवतीच्या पाकळ्या, कोपऱ्यांतले शंख (त्यातला एक मूळचा आहे, पण कुठला ते मॅनेजरलाही ओळखता येत नाही) आणि उडत्या पक्ष्यांपैकी जेवढे गळून पडले होते तेवढे सगळे, हे मी या दोन हातांनी केलं. साचे माझे, प्लास्टरचं मिश्रण माझं, जुन्या कानशी घासून केलेल्या कोरण्यासुद्धा माझ्याच. कुणी शिकवलं नाही. सुरुवातीचे पक्षी बदकांवर गेले, ते फोडले. परांचीवर उताणं पडून काम केल्यामुळे अजूनही पंखा पुसायला मान वर केली की ती करकर वाजते, आणि बायको स्वयंपाकघरातून म्हणते, "आलं दालन!"

तर हे दालन बघायला लोक कुठून कुठून येतात. तिकीट काढतात, रांगेत भांडतात आणि आत शिरल्याबरोबर छताला पाठ दाखवतात. तू म्हणशील, डोक्यावरच्या गोष्टीला पाठ कशी दाखवणार? मलाही तसंच वाटायचं. समोरच्या भिंतीवर काम केलं असतं तर लोकांनी तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढले असते, छत त्यातून सुटलं, अशा भ्रमात मी होतो. पण यांनी युक्ती काढली आहे. फोन जमिनीवर उताणा ठेवायचा, भोवती रिंगण करून त्यावर वाकायचं, म्हणजे पाठ आपोआप छताकडे, आणि दात काढायचे. फोटोत येतात हनुवट्या आणि दुप्पट नाकपुड्या, आणि उरलेल्या फटीत माझी द्राक्षं. मग सगळे मिळून त्या फोटोत छत बघतात. मान वर केली तर ते तिथेच असतं, फुकट, पण तेवढं कोण करतो?

गेल्या आठवड्यात मला राहवलं नाही. बोलून कुणी ऐकत नाही, तर करून दाखवू, म्हणून भर गर्दीत दालनाच्या मधोमध मी सरळ उताणा आडवा झालो. (धुतलेला शर्ट होता. उद्देश शुद्ध होता.) वाटलं, एकजण तरी विचारेल की हा माणूस काय बघतोय, आणि शेजारी लवंडेल. एका बाईंनी किंचाळून सांगितलं की काका पडले. दुसऱ्या कुणी माझे बूट काढले. एका गृहस्थाने माझं मनगट धरलं आणि गंभीर चेहऱ्याने स्वतःच्याच घड्याळात किती वाजले ते बघितलं. मी पक्ष्याकडे बोट दाखवलं, तर लोक म्हणाले, पाणी मागताहेत, आणि बाटली तोंडावर उपडी केली. "अहो, वर बघा, वर!" मी ओरडलो. त्यावर मागून एक आजोबा हळहळले, "वरचं बोलायला लागले हो." तोवर भोवती रिंगण झालंच होतं. मी जमिनीवर, वर हनुवट्या, आणि एक तरुण म्हणतो, "काका, एक मिनिट हलू नका, उजेड मस्त आलाय." वॉचमनने चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर काढेपर्यंत मी बऱ्याच घरांच्या सहलीच्या आठवणींत जाऊन बसलो होतो.

खुर्चीत बसल्यावर तुझी इतकी आठवण आली ताई, की विचारू नकोस. आपल्या भाड्याच्या खोलीत आपण दोघं असेच पडायचो, आठवतं? छताला ओल आली होती, आणि त्या डागांत तुला काय काय दिसायचं. उंट, फुटकी किटली, मामांचं नाक. "नीट बघ रे, घाई कसली," म्हणायचीस. मला उंट कधीच पटकन दिसायचा नाही, आणि दिसेपर्यंत तू उठू द्यायची नाहीस. छताकडे बघायचं कसं, ते मी तिथे शिकलो. (वर लिहिलंय कुणी शिकवलं नाही. ते प्लास्टरबद्दल.)

मी केलेल्या पक्ष्यांत एक आहे, झुंबराच्या उजवीकडे, वेल जिथे वळते तिथे. बाकी सगळे पुढे बघत उडतात, हा मान वळवून मागे बघतो, आणि त्याची चोच उघडी आहे. ती तू. सासरी निघालीस तेव्हा सगळ्यांना वाटलं आता ही वळून रडणार, आणि तू गाडीच्या दारातून वळून ओरडलीस, "इस्त्री चालू राहिली असेल रे, बघ आधी!" चालूच होती. त्यानंतर घरात तसं ओरडणारं कुणी राहिलं नाही.

मागे तू आलीस, तेव्हा मी काही बोललो नाही. म्हटलं, ताईला आपोआप दिसेल. तुम्ही सगळ्यांनी फोन जमिनीवर ठेवला, रिंगण केलं, हसलात, आणि जेवायची वेळ झाली. तो फोटो तू फ्रेम करून पाठवलास. भिंतीवर लावला आहे. पक्षी जिथे आहे, नेमका तिथे दाजींचा डावा कान आला आहे. (त्यांना सांगू नकोस. कान चांगला आला आहे.)

थोरामोठ्यांना नमस्कार, पोरांना धपाटे.

तुझा,
मान अवघडलेला धाकटा

ता. क. तब्येतीची काळजी करू नकोस. मी पडलो नव्हतो, झोपलो होतो.

दुसरा ता. क. सोमवारी दालन बंद असतं आणि किल्ली माझ्याकडे असते. तू एकटी ये. मी मधोमध सतरंजी घालून ठेवीन. पक्षी कुठे आहे ते मी दाखवणार नाही, तूच शोध, आणि सापडेपर्यंत उठायचं नाही. तुझ्या गुडघ्याला उठवायला मी आहे, माझ्या कंबरेला तू. फोन आण, पण पिशवीत राहू दे.

तिसरा ता. क. तुझं गाडीचं तिकीट मीच काढून पाठवणार होतो. पण परवा मॅनेजरने बोलावलं. छत फार उंच पडतं, फोटोत नीट येत नाही, अशी लोकांची तक्रार आहे म्हणे. तर बाहेरच्या दाराशी भिंतीवर, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, प्लास्टरचे दोन मोठे पंख करून द्या, मधली जागा मोकळी सोडा, जो येईल तो तिथे उभा राहून पक्षी होईल. सामान त्यांचं, हात माझे. मी नाही म्हणून आलो. बायकोला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा तिकीट तुझं तूच काढ. दोन लाख चाळीस हजार देत होते.